म्हादईच्या रानातील वाघ आणि रखडलेला व्याघ्र प्रकल्प : पार्श्वभूमी

सत्तरी तालुक्यात वाघेरी नावाचा डोंगर आहे आणि वाघ्रो हे दैवत गोव्याच्या डोंगराळ गावांत आजही पुजले जाते. या भूमीशी वाघाचे नाते किती जुने आहे, हे एवढ्यावरून कळते. म्हादईच्या रानात व्याघ्र प्रकल्प व्हावा की नाही, या आजच्या वादाची मुळे मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांतच सापडतात.

खोतीगाव आणि मोले येथील वने साठच्या दशकाच्या अखेरीसच संरक्षित झाली होती. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये, राष्ट्रपती राजवट असताना जाहीर झाली. निवडून आलेले सरकार नसताना झालेला तो निर्णय अनेकांना अजून लादलेला वाटतो, आणि गावेच्या गावे काजूच्या बागायतींसह अभयारण्याच्या सीमेत आल्यामुळे ती भावना समजण्यासारखीही आहे. तरीही उत्तरेला महाराष्ट्रातील तिळारी, पूर्वेला कर्नाटकातील भीमगड आणि दक्षिणेला तिथलाच काळी व्याघ्र प्रकल्प अशा सलग जंगलपट्ट्यातला गोव्याचा दुवा शाबूत राहिला, याचे बरेचसे श्रेय त्याच निर्णयाला द्यावे लागते.

अन्नसाखळीच्या टोकावरील शिकारी नाहीसा झाला की खालची घडी विस्कटते, हे प्रथम समुद्रकिनारी प्रयोगाने दिसले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील खडकांवरून तारामासे काढून टाकल्यावर शिनाण्यांच्या जातीच्या शिंपल्यांनी जागा बळकावली आणि इतर अनेक प्रजाती तिथून हटल्या. ही निरीक्षणे १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. यलोस्टोनमध्ये १९९५ पासून परत आणलेल्या लांडग्यांची कथा अधिक गाजली, पण तिथल्या बदलांत लांडग्यांचा वाटा किती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून ती जशीच्या तशी सह्याद्रीला लावू नये. आपल्या रानात पूर्ण वाढलेला गवा पाडण्याची ताकद वाघाखेरीज कोणाचीच नाही; बिबटे आणि कोळसुंदे (रानकुत्रे) बहुतेक वेळा वासरांवर किंवा सांबर, भेकर, रानडुकरांवर भागवतात. वाघाच्या धाकाने कळप एकाच उतारावर ठाण मांडून चरत नाहीत आणि कोवळ्या रोपांना वाढायला उसंत मिळते, हे त्याचे काम शिकारीइतकेच महत्त्वाचे आहे.

गोव्यातील वाघ हे शेजारच्या राज्यातून येऊन परत जाणारे पाहुणे आहेत, म्हणून स्वतंत्र प्रकल्पाची गरज नाही, हा युक्तिवाद येथे वर्षानुवर्षे केला गेला. २०१८ च्या गणनेत गोव्याच्या वाट्याला ३ वाघ आले. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे ४ वाघ मृतावस्थेत सापडले: एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले. मृतदेह काही दिवसांच्या अंतराने मिळाले आणि कारण विषप्रयोग असल्याचे निष्पन्न झाले. पिल्ले आईसोबत फिरण्याइतकी मोठी झाली होती, म्हणजे हे कुटुंब वाट चुकून एका रात्रीपुरते आलेले नव्हते. त्याआधी त्या भागात वाघांनी गुरे मारली होती आणि त्यांची भरपाई मिळाली नाही, अशी तक्रार होती. विष घालणे हा गुन्हाच आहे, परंतु गोठ्यातले दुभते जनावर गेल्यावर महिनोन्महिने कोणी विचारणा करत नसेल, तर वाघ जगवण्याची किंमत रानाकाठच्या एकट्या घराकडून वसूल केली जाते, हेही तितक्याच ठामपणे म्हटले पाहिजे.

व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याची शिफारस राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण या केंद्रीय यंत्रणेने त्यापूर्वीच केली होती. ती शिफारस राज्यावर बंधनकारक आहे की निव्वळ सल्ला आहे, या प्रश्नावर सगळा वाद अडला. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती बंधनकारक मानून तीन महिन्यांत अधिसूचना काढण्याचा आदेश दिला आणि वनहक्कांचे दावे निकाली काढण्यासही मुदत घालून दिली. राज्याने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. विस्थापनाची भीती हे विरोधाचे मुख्य कारण सांगितले जाते. वस्तुतः कायद्यानुसार प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातूनही हक्क निश्चित केल्याशिवाय आणि संमतीशिवाय कोणाला हलवता येत नाही. ही तरतूद सत्तरीच्या गावांत बसून लोकांना समजावून सांगण्याचे काम निर्णयाच्या आधी व्हायला हवे होते, आणि वनहक्कांचे दावे वर्षानुवर्षे पडून राहिल्यामुळे आज त्या आश्वासनावर कोणाचा सहजासहजी विश्वास बसत नाही.