गिट एफएससीके

गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच्या (फाइलींतले बदल टप्प्याटप्प्याने जपणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) रेपॉझिटरीतला, म्हणजे साठ्यातला, इतिहास शाबूत आहे का, हे तपासणारी आज्ञा. ती टर्मिनलवर चालवतात. ती दोष दाखवते, दुरुस्त करत नाही. नावामुळे नेमका याच बाबतीत गैरसमज होतो, म्हणून आधी नावाचा विचार करू.

'एफएससीके' हे 'फाइल सिस्टिम चेक'चे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधले आखूड रूप. त्या नावाचा मूळ प्रोग्रॅम १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातला असावा. तो टेड कोवाल्स्की यांचा मानतात. बर्कली युनिक्समधल्या आवृत्तीवरच्या निबंधावर मार्शल कर्क मक्यूसिक यांच्या जोडीने त्यांचेही नाव आहे. दुसरे अक्षर आधी वेगळेच होते, असा किस्सा युनिक्सच्या जनकांपैकी एक डेनिस रिची यांच्या हवाल्याने सांगतात. तो थट्टेतला धरलेला बरा. उच्चाराबाबत एकमत नाही. कोणी 'फिस्क' म्हणतात, कोणी 'एफ-एस-चेक', तर कोणी अक्षरे सुटी उच्चारतात. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले आणि त्याच महिन्यात त्यात 'एफएससीके-कॅश' हा तपासनीस आला. पुढे तो 'एफएससीके-ऑब्जेक्ट्स' झाला आणि साधारण २००७ पासून नुसता 'एफएससीके' राहिला. तपासणीचे तत्त्व पहिल्यापासून तेच असल्याने २००५ हेच आरंभवर्ष मानणे सयुक्तिक. युनिक्सच्या प्रोग्रॅमशी त्याचे नाते मात्र नावापुरतेच दिसते. तो डिस्कवरची मोडतोड विचारून-विचारून सांधतो, गिटचा एफएससीके साठवलेल्या कशालाही हात लावत नाही.

याचे कारण गिटच्या साठवणुकीत आहे. गिटमध्ये चार प्रकारच्या वस्तू असतात: ब्लॉब म्हणजे फाइलमधला मजकूर, ट्री म्हणजे फोल्डरची यादी, कमिट म्हणजे बदलांचा नोंदवलेला टप्पा आणि टॅग म्हणजे अशा टप्प्याला दिलेले नाव. मजकुरापुढे प्रकार व लांबी जोडून त्यावरून एसएचए-१ पद्धतीने हॅश, म्हणजे मजकुराचा गणिती ठसा, काढतात. ४० अंकाक्षरांचा हा हॅश हेच त्या वस्तूचे नाव. रिकाम्या फाइलचा हॅश कोणत्याही संगणकावर 'ई६९डीई२९'ने सुरू होतो. वस्तू साठवताना हॅशची पहिली दोन अक्षरे फोल्डरला नाव म्हणून आणि उरलेली ३८ फाइलला मिळतात. एफएससीके प्रत्येक वस्तू उलगडून हॅश पुन्हा काढतो, नावाशी ताडून पाहतो आणि कमिटपासून ट्री, ट्रीपासून ब्लॉब अशी साखळी धरून जातो. हॅशवरून मूळ मजकूर परत काढता येत नाही, त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे ते कळले तरी भरून काढायला दुसरी प्रत लागतेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जाहीर झाल्या. त्यानंतर गिटने अशी टक्कर (दोन मजकुरांचा एकच हॅश) ओळखणारी पद्धत स्वीकारली. एसएचए-२५६ चा पर्याय २०२० मध्ये प्रायोगिक म्हणून आला.

एफएससीकेच्या संदेशांपैकी 'मिसिंग' (हवी ती वस्तू साठ्यात नाही) हा गंभीर आहे. 'डँगलिंग' (वस्तू आहे, पण तिच्याकडे कुठूनही वाट जात नाही) गंभीर नाही: पुसलेल्या शाखेचे किंवा बदललेल्या कमिटचे अवशेष तसे दिसतात. नवशिके त्यालाच घाबरतात. खरे तर चुकून उडवलेले काम तिथेच सापडण्याची शक्यता असते. 'लॉस्ट-फाउंड' हा पर्याय दिल्यास असे अवशेष वेगळ्या फोल्डरमध्ये लिहिले जातात.

कोल्हापूरसारख्या ठिकाणी सर्वांत ओळखीचा बिघाड विजेचा. कमिट चालू असताना वीज गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर वस्तूची फाइल तयार होते पण आत शून्य बाइट राहतात. 'ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी' ही ओळ त्याचीच. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रांचे प्रोग्रॅमही साध्या मजकुराच्या फाइली असल्याने गिटमध्ये ठेवता येतात. अशा प्रोग्रॅमचा ब्लॉब बिघडला, तर यंत्रावर नेलेल्या पेन ड्राइव्हवरची प्रत 'हॅश-ऑब्जेक्ट' आज्ञेने पुन्हा भरता येते, मात्र ती जशीच्या तशी हवी. यंत्राने ओळीअखेरचे अदृश्य चिन्ह बदलले असेल तर डोळ्यांना फरक दिसत नाही, हॅश मात्र वेगळाच येतो आणि खड्डा तसाच राहतो. कमिट किंवा ट्री गमावल्यास दुसऱ्या क्लोनमधून, म्हणजे रेपॉझिटरीच्या दुसऱ्या पूर्ण प्रतीतून, आणावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच कपाटातली बॅकअप डिस्क या अशा वेळी दोन प्रती नव्हेत, एकच.

मराठी वापरकर्त्याला आणखी एक अडचण येते. एफएससीके फक्त हॅश सांगतो. तो कोणत्या फाइलचा हे ट्रीमधली यादी दाखवणाऱ्या 'एलएस-ट्री' आज्ञेने शोधावे लागते, आणि तिथे देवनागरी नावे मुळात आकड्यांत दिसतात. 'क' या एका अक्षराचे ३४०, २४४, २२५ असे तीन आकडे होतात, मग 'कोटेशन' नावाचा फोल्डर कसा ओळखावा! गिटमधली 'कोअर.कोटपाथ' ही सेटिंग बंद केल्यावर नावे सरळ वाचता येतात.

मर्क्युरिअल आणि सबव्हर्जन याही आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच. मर्क्युरिअलमध्ये हे काम 'एचजी व्हेरिफाय' करते. सबव्हर्जनमधली 'एसव्हीएनअ‍ॅडमिन व्हेरिफाय' ही आज्ञा मूळ रेपॉझिटरीवरच चालवावी लागते, कारण वापरणाऱ्याच्या प्रतीत पूर्ण इतिहास नसतो.