पावित्र्यसाधना (ख्रिस्ती)

घर, धंदा, नोकरी, शेजारपाजार सांभाळत असतानाच देवाच्या इच्छेप्रमाणे घडत जाण्याचा ख्रिस्ती माणसाचा आयुष्यभराचा प्रयत्न म्हणजे पावित्र्यसाधना. ‘मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा’ ही बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातली आज्ञा येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात सगळ्या आचरणाला लागू केली आहे. त्यामुळे मठ, संन्यास किंवा दीक्षा ही तिची अट नाही. तरीही खरे पावित्र्य फादर-सिस्टरांचे, आपण संसारी माणसे, ही समजूत चर्चमध्ये शतकानुशतके टिकून राहिली आणि आजही ती पुरती गेलेली नाही.

या समजुतीला ज्याने ठामपणे छेद दिला, त्याचेच नाव नागपूरकर रोज घेतात. सदरमधले कॅथलिक कॅथीड्रल आणि ‘एसएफएस’ शाळा-कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते सेंट फ्रान्सिस डी सेल्स (1567–1622) जिनिव्हाचे बिशप होते. त्यांच्या नावाचा धर्मसंघ 1838 मध्ये आजच्या फ्रान्समधील आनेसी येथे स्थापन झाला. त्याच संघाच्या मिशनऱ्यांनी मध्य भारतात काम उभे केले आणि 1887 मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला. फ्रान्सिस यांनी 1609 मध्ये सामान्य गृहस्थांसाठी भक्तिजीवनाची ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला. भक्ती ज्याच्या-त्याच्या पेशाला आणि कुवतीला साजेशी हवी, कारागीर दिवसभर देवळातच बसून राहिला तर ते हास्यास्पद होईल, असे ते सांगतात. विकताना स्वतःला गिऱ्हाइकाच्या जागी आणि घेताना दुकानदाराच्या जागी ठेवून पाहावे, हा त्यांचा सल्ला तर थेट नागपुरातल्या इतवारीच्या बाजारात लागू पडावा असा आहे. तिथे पावित्र्याची परीक्षा काट्याच्या पारड्यावर होते : पाऊण किलोला किलोचे पैसे लागतात की नाही, आणि ओल्या मालाचे वजन कोणाच्या माथी पडते. स्वतःच्या चुकीवर चिडचिड न करता शांतपणे पुन्हा उठावे, यावरही त्यांचा भर आहे. हा भाग फार वाचला जात नाही. साधकाला गरज मात्र त्याचीच जास्त असते.

प्रॉटेस्टंट परंपरेत मांडणी वेगळी. 1845 मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश फ्री चर्चचे होते. त्या परंपरेत पवित्रीकरण हे मुळात देवाच्या कृपेचे काम, तारण कमावण्याचे साधन नव्हे. विश्वासाने नीतिमान ठरणे एकदाच घडते. पवित्र होत जाणे मात्र मरेपर्यंत चालते. मग माणसाने करायचे काय? फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल एका दमात दोन्ही सांगतो : आपले तारण भीत व कापत साधून घ्या, कारण तुमच्यात कार्य करणारा देव आहे. कृपा आणि कष्ट यांतला हा ताण सोडवायचा नसून जगायचा असतो, असे बहुतेक पाळक (चर्चचे धर्मगुरू) सांगतात. कॅथलिक पक्षानेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (जगभरच्या बिशपांच्या सभेत), 1964 मध्ये, पावित्र्याचे बोलावणे सर्वच श्रद्धावंतांना आहे असे जाहीर केले.

रोजचा आचार साधा आहे. सकाळी शास्त्रवाचन, रात्री कौटुंबिक प्रार्थना, रविवारी उपासना किंवा मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना). कॅथलिकांत त्याखेरीज जपमाळ आणि पापनिवेदन. झोपण्यापूर्वी दिवस तपासणे हे यातले सर्वांत कठीण काम : आज कोणाला टाकून बोललो, कोणाची मजुरी उद्यावर ढकलली. राखेच्या बुधवारपासून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो. तो नागपुरात उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. मांस-मच्छी सोडून वाचलेले पैसे गरजूंसाठी बाजूला ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. उपवास दाखवण्यासाठी चेहरा उतरवू नका, हे डोंगरावरील प्रवचनात येशूने बजावले असले, तरी कोण काय सोडतो याची चर्चा होतेच.

मराठी ख्रिस्ती साधनेला कवी नारायण वामन टिळकांनी (1861–1919) आपला सूर दिला. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार (बायबलचा येशूविषयीचा भाग) दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडले आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी येशूची भक्ती अभंगांत गायली. वारकरी संतांनी प्रपंचात राहूनच देव साधला होता. टिळकांच्या भक्तीला ती वाट घरचीच होती.