स्नोमोबाइलच्या मागील सस्पेन्शनची चाके बदलणे

स्नोमोबाइलच्या मागील सस्पेन्शनची चाके : स्नोमोबाइल या बर्फावर धावणाऱ्या वाहनाला पुढे दोन स्की आणि मागे रबराचा अखंड पट्टा, म्हणजे ट्रॅक, असतो. ट्रॅकच्या आत सस्पेन्शनचा सांगाडा आणि त्यावर अनेक लहान चाके. ही चाके गाडी ओढत नाहीत. ते काम पुढच्या ड्राइव्ह शाफ्टवरील दातेरी चाकांचे. आतली चाके भार वाहतात, ट्रॅकला वळण देतात आणि त्याचा ताण राखतात. तरीही गाडी किती मोकळी पळते आणि इंजिनाची किती ताकद वाया जाते, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावरच ठरते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पोकलेनचे रोलर आणि आयडलर उघडणाऱ्या फिटरला ही रचना पाहताक्षणी कळेल. मात्र येथे लोखंडी चेनऐवजी रबर आहे, आणि वेग ताशी १०० किमी.च्याही पुढे जातो.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांची स्की-डू १९५९ साली बाजारात आली. त्या काळी ट्रॅकवरचा सगळा भार बोगी चाकांच्या, म्हणजे ट्रॅकवरून फिरणाऱ्या लहान भारवाहक चाकांच्या, संचांवर असे. पुढे स्लाइड-रेल रचना रूढ झाली. तिच्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन समांतर रेल असतात. रेलखाली चिवट पॉलिथिलीनच्या पट्ट्या असतात आणि त्या ट्रॅकमधल्या धातूच्या क्लिपांवरून घसरत जातात. त्यामुळे चाकांची संख्या कमी झाली. पण पट्टी थंड आणि ओली ठेवायला ताजा बर्फ उडत राहणे गरजेचे झाले. टणक, गोठलेल्या वाटेवर तो उडत नाही. मग पट्टी तापते, झपाट्याने झिजते, प्रसंगी वितळून क्लिपांना चिकटते.

म्हणून चाके बदलण्याआधी गाडी कोणत्या बर्फावर चालणार हे ठरवावे. दाबून कठीण झालेल्या वाटांवर रेलच्या मधल्या भागात जादा बोगी चाके बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल आहे. गुलमर्ग किंवा सोलंगला पर्यटकांना फिरवणाऱ्या गाड्या दिवसभर त्याच त्या वाटेने जातात, त्यांना तो नक्कीच फायद्याचा. उलट खोल, भुसभुशीत बर्फात चढाई करणारे चालक चाके कमी करतात, कारण प्रत्येक जादा चाकाभोवती बर्फ साचतो आणि वजन वाढते.

व्यासाचा हिशेब सोपा आहे. मधली चाके बहुधा १४३ किंवा १६२ मिमी.ची, मागच्या धुरीवरची (अ‍ॅक्सलवरची) १७८ ते २०३ मिमी.ची असतात. ताशी ६० किमी. वेगाला १४३ मिमी.चे चाक मिनिटाला सुमारे २,२२५ फेरे घेते, २०३ मिमी.चे सुमारे १,५७०. शेतीपंपाची चार पोलची मोटार १,४४० फेऱ्यांवर चालते, म्हणजे लहान चाकाच्या बेअरिंगवर काय बेतते ते लक्षात येईल. मागच्या टोकाला चाक मोठे असले की ट्रॅक तेथे कमी तीव्रतेने वाकतो आणि वाकण्यात जाणारी ताकद वाचते. २५४ मिमी.च्या चाकांचे संच याचसाठी मिळतात. पण २०३ ऐवजी २५४ मिमी.चे चाक नुसते त्याच जागी चढवले, तर त्याची खालची कड सुमारे २५ मिमी. खाली येते, रेलचे मागचे टोक उचलले जाते आणि सस्पेन्शनची भूमितीच बिघडते. धुरी तेवढीच वर घेणारे ब्रॅकेट हवे. शिवाय सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर ट्रॅक वरच्या पत्र्याला किंवा इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या कूलरला घासत नाही, हेही आधी मोजून घ्यावे.

कोल्हापूरच्या कारागिराने सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते बेअरिंगच्या बैठकीकडे. अशा अनेक चाकांत ६२०५ (२५ × ५२ × १५ मिमी.) किंवा ६००४ (२० × ४२ × १२ मिमी.) बेअरिंग असते; दोन्ही मोटार-पंपांच्या दुरुस्तीत रोज हाताखालून जाणारी. पण येथला सराव जसाच्या तसा तेथे चालत नाही. शिरोलीच्या एखाद्या लेथवर ३० अंश सेल्सिअसला बोअर केलेले अ‍ॅल्युमिनियमचे चाक उणे २० अंशांत गेले, तर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसते. ५२ मिमी.च्या बोअरमध्ये बैठक सुमारे ०.०३ मिमी.ने, म्हणजे ३० मायक्रॉनने, आणखी आवळते. या मापाच्या साध्या बेअरिंगमधली अंतर्गत मोकळीक मुळात ५ ते २० मायक्रॉनच असते. ती संपली की गोळ्या अडकत फिरतात. म्हणून या चाकांसाठी सी-३ प्रकारचे, १३ ते २८ मायक्रॉन मोकळीक असलेले बेअरिंग घ्यावे आणि बोअर येथल्या सवयीपेक्षा हलक्या फिटचा ठेवून बेअरिंग सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या कड्याने) अडवावे. प्लॅस्टिकची चाके तर अ‍ॅल्युमिनियमहूनही जास्त आकसतात.

ग्रीसचेही तसेच. उष्णतेचा विचार करून निवडलेले ग्रीस कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊन चाक जड फिरते. कमी तापमानाचे ग्रीस आणि दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले बेअरिंगच वापरावे. चाक तयार झाले की उणे १८ अंशांच्या आइस्क्रीम फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून हाताने फिरवून पाहावे. बर्फाचा प्रदेश दूर असलेल्या गावात ही चाचणी सहज करता येते, आणि ती टाळू नये.

बेअरिंग चाकात दाबताना जोर बाहेरच्या कड्यावरच द्यावा. आतल्या कड्यावर दिला तर गोळ्यांच्या खाचा उमटतात आणि नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते. चाकाच्या कडेचे रबर सोलवटलेले, तडकलेले असेल तर नुसते बेअरिंग बदलून भागत नाही, चाकच बदलावे.

चाके बदलल्यावर ट्रॅकचा ताण नव्याने लावावा लागतो. ठरावीक वजन टांगून ट्रॅक किती खाली येतो ते मोजतात. वजन आणि माप त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलेच घ्यावे. ताण जास्त झाला तर बेअरिंग आणि पट्ट्या झिजतात, कमी झाला तर ट्रॅक ड्राइव्हचे दात चुकवतो. नंतर गाडीचा मागचा भाग पक्क्या स्टँडवर उचलून ट्रॅक संथ फिरवावा आणि दोन्ही रेलच्या बाजूची फट सारखी आहे का पाहावे. ट्रॅक ढिल्या बाजूकडे सरकतो, म्हणून ज्या बाजूची फट कमी त्या बाजूचा ताण लावणारा बोल्ट आवळावा. या वेळी गाडीच्या मागे कोणीही उभे राहू नये. ट्रॅकमधून सुटलेला खडा किंवा तुटलेली क्लिप गोळीसारखी येते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर धुरीचे नट आणि ट्रॅकचा ताण पुन्हा तपासावा.