लमेटा की आंतरट्रॅपी? चुनखडीच्या पातळ थराला नाव देताना

वरोरा, भिवापूर किंवा उमरेडच्या बाजूला विहीर खणताना काळी माती आणि मुरूम संपून काळा पाषाण (थंड होऊन थिजलेला लाव्हा) लागतो, आणि तो फोडून खाली गेल्यावर काही ठिकाणी हातभर जाडीचा पांढुरका, चिवट चुनखडीचा थर निघतो. तो पाहताक्षणी ‘लमेटा’ म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो; परंतु तसाच थर आंतरट्रॅपीही असू शकतो, आणि ही दोन नावे एकाच जातीची नाहीत.

लमेटा हे जबलपूरजवळील नर्मदेच्या लमेटा घाटावरून पडलेले, लाव्हाच्या खाली असलेल्या एका शैलसमूहाचे (एकत्र नाव दिलेल्या थरांचे) रीतसर नाव आहे. त्यात चुनखडीबरोबर वाळूचे खडक आणि तांबड्या-हिरवट चिकणमातीचे खडकही येतात, त्यामुळे हातभर चुनखडी म्हणजे फार तर लमेटातील एक थर होय. वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे याच शैलसमूहात डायनोसॉरची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा सापडली, तर जवळच्या डोंगरगावात मिळालेल्या सांगाड्यावरून ‘आयसिसॉरस’ हा डायनोसॉरचा प्रकार ठरला.

आंतरट्रॅपी हा शब्द मात्र केवळ स्थान सांगतो: ट्रॅप म्हणजे लाव्हाचा काळा पाषाण, आणि आंतरट्रॅपी म्हणजे त्याच्या दोन थरांमधला. लाव्हाचा एक प्रवाह थंड झाल्यावर आणि पुढचा येण्यापूर्वी जी तळी साचली, त्यांच्या तळाशी बसलेला हा गाळ आहे. नागपूरच्या टाकळीतील अशा थरांतून मिशनरी आणि भूविज्ञानाचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांनी 1850च्या दशकात जीवाश्म गोळा केले. मात्र टाकळीचे तळे टाकळीपुरतेच असू शकते. दूरच्या गावी तसाच दगड दिसला तरी दोन्ही थर सलग आहेत असे गृहीत धरता येत नाही. म्हणून अशा थराला गावाच्या नावाने ओळखणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

(कोरपना-वणी पट्ट्यात सिमेंटसाठी काढतात ती चुनखडी पैनगंगा गटातील, कितीतरी जुनी आणि जाड आहे, तिचा या प्रश्नाशी संबंध नाही.)

निर्णय थराच्या तळावरून होतो, कारण डोक्यावर दोन्हीकडे लाव्हाच असतो. थराखाली बारीक पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेला, कुजून हिरवट झालेला पाषाण असेल, किंवा तांबड्या मातीची पट्टी आणि तिच्याखाली पुन्हा पाषाण असेल, तर थर आंतरट्रॅपी समजावा. खाली गोंडवाना वाळूखडक (लाव्हापेक्षा बराच जुना वाळूचा खडक) किंवा जुना पट्टिताश्म (पट्टेदार स्फटिकी खडक, नाईस) असेल आणि चुनखडीतच गारेचे खडे व वाळूचे कण रुतलेले दिसत असतील, तर तो लमेटाचा. येथे एक फसगत हमखास होते: अगदी तळचा लाव्हा पूर्ण कुजला, की तो लमेटाच्या चिकणमातीसारखाच दिसतो. अशा वेळी ढेकूळ फोडून आत पोकळ्यांचे ठसे शोधावेत.

शंखांवर विसंबू नये. फायसा हा गोड्या पाण्यातील शंख आंतरट्रॅपीची खूण मानला जातो, पण डोंगरगावच्या लमेटातही त्याचे अवशेष आहेत. वयही फारसे कामी येत नाही, कारण दोन्ही थर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या आसपासचे आहेत.

पाणी लागले की खोदकाम चुनखडीतच थांबते आणि तळ दिसतच नाही. अशा विहिरीच्या नोंदीत कोणतेही नाव न घालता, ‘काळ्या पाषाणाखालची चुनखडी, तळ उघडा नाही’ एवढेच खोलीसह लिहावे.