घडीचा ट्रेलर: मिटण्याआधी हे वाचा

ए-फ्रेम ट्रेलर, म्हणजे उघडला की त्रिकोणी छपराचं घर आणि मिटला की सपाट पेटी होणारा कॅम्पिंगचा ट्रेलर, घेतला की पहिलं वर्ष कौतुकात जातं. दोन माणसांनी पाच मिनिटांत उभा करायचा, मिटला की गॅरेजात मावतो, मागे ओढतोय हे गाडीला फारसं कळतही नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये येणारे बहुतेक ट्रेलर बिघडतात ते मिटताना, नाहीतर मिटून ठेवलेले असताना.

गेल्या उन्हाळ्यात एक कुटुंब व्हर्जिनियातल्या शेनान्डोआहून परतलं. निघायच्या घाईत कुकर शेगडीवरच राहिला होता. छत खाली येता येता अडलं, काकांनी वरून जोर दिला, आणि कुकरची शिट्टी आतलं अस्तर फोडून थेट फोममध्ये. भोक नाण्याएवढंच, पण आतून पट्टी बसवायला दोन दिवस गेले. छत अडलं तर दाबू नका, परत वर उचला आणि आत डोकावून बघा. आधी दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंती आत पाडायच्या, मग छत. जोराचा वारा असेल तर थांबा. उघडं छत वारा अक्षरशः हातातून हिसकावतो.

ओल

खरा शत्रू हाच. छताला वरून पातळ पत्रा किंवा फायबरग्लास, मधे फोम, कडेला बऱ्याचदा लाकडी पट्टी. पाणी शिरतं ते हवेच्या झरोक्याभोवतीच्या सीलमधून, नाहीतर कडेच्या स्क्रूंमधून, तेही इतकं हळू की कळेपर्यंत वर्ष उलटतं. महिन्यातून एकदा झरोक्याभोवती आणि कोपऱ्यांवर अंगठ्याने दाबून बघा. कुठे मऊ लागलं, पापडासारखं कुरकुरलं, तर आतला थर सुटलाय.

आणि कृपा करून बाथरूमचं सिलिकॉन लावू नका. ते निघता निघत नाही, उरलेल्या थरावर दुसरं सील नीट धरत नाही, आणि आमचा निम्मा वेळ ते खरवडण्यात जातो. त्याचे पैसे तुम्हालाच पडतात, म्हणून सांगतोय. झरोक्याच्या चौकटीखाली ब्यूटाइलची चिकटपट्टी लागते. पावसात मिटावाच लागला तर घरी आल्यावर एक-दोन दिवसांत उघडून वाळवा. गाद्या उभ्या करून ठेवा.

वजन

सामान भरलेला ट्रेलर १८०० पौंडांचा असेल, तर हिचवर (गाडीला ट्रेलर जोडतात त्या जागेवर) त्यातले १० ते १५ टक्के, म्हणजे १८० ते २७० पौंड यायला हवेत. त्याहून कमी असलं तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलतो. हे वजन गाडीच्या खात्यात धरायचं: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते लिहिलेलं असतं, त्यातून वजा करा. चार माणसं, कूलर, तांदळाची पिशवी आणि वर हिच. बेरीज एकदा कागदावर मांडून बघाच.

चाकं

टायर झिजून जाण्याआधी वयाने जातात. बाजूच्या अक्षरांतले शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कोरी दिसली तरी बदला. बेअरिंगला वर्षातून एकदा ग्रीस. चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या ५० मैलांनंतर नट पुन्हा आवळा.

हिवाळा

नळात उरलेलं पाणी गोठून पाइप फुटतो. टाकी रिकामी करून पाइपांत ट्रेलरच्या पाण्याच्या पाइपांसाठीचं गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरा. गाडीच्या इंजिनात घालतात ते विषारी असतं, पिण्याच्या पाण्याच्या पाइपात ते कधीच नको. बॅटरी पूर्ण चार्ज करून तारा सोडवून ठेवा. लेड-अ‍ॅसिड असेल तर स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्ट दिसायला हवेत.

सील आणि बेअरिंगची कामं आम्ही ऑक्टोबरमध्येच घेतो. मेमध्ये सगळे एकदम येतात, तेव्हा दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. ट्रेलर आणताना वजनाच्या पाटीचा फोटो काढून आणा, गॅसची टाकी बंद करा, आणि ओट्यावर काही राहिलंय का ते पाहून घ्या.