बंदूक ऑनलाइन मिळत नाही, अर्ज तेवढा ऑनलाइन: वय किती लागतं, कागद कुठले

गेल्या महिन्यात शेजारच्या घरचा पोरगा मोबाईल घेऊन आला, म्हणाला काका हे बघा की, बारा बोअरची बंदूक, होम डिलिव्हरी, पाच हजार अॅडव्हान्स. पोराचं वय 19. स्क्रीनवर एक बटण होतं, 'माझं वय 18 पूर्ण आहे', ते दाबून झालेलं आणि क्यूआर कोड समोर. अजून दोन मिनिटं उशीर झाला असता तर पैसे गेलेच होते. रानडुकरांनी त्यांच्या भाताचं काय केलंय ते मी बघितलंय, त्यामुळं त्याला रागवायचं मनात आलं नाही, पण त्याला जे सांगितलं ते इथं आपल्या बेळगाव भागातल्या सगळ्यांसाठी लिहितोय.

पहिली गोष्ट, आपल्याकडं बंदूक घ्यायचं वय 18 नाही, 21 पूर्ण. शस्त्र कायदा 1959, कलम 9. एकवीस पूर्ण नसलेल्यानं बंदूक घेणं, बाळगणं, जवळ घेऊन फिरणं सगळंच बंद, आणि विकणाऱ्यानं अशाला विकणं पण बंद. नेमबाजीचा सराव करणाऱ्या मुलांना प्रशिक्षणापुरती सवलत आहे पण त्याचे नियम वेगळे, त्यावरनं घरी बंदूक आणता येत नाही. हे 18 चं खूळ येतं अमेरिकेच्या व्हिडिओतनं. तिकडं 1968 च्या कायद्यानं डीलरनं रायफल आणि शॉटगन 18 च्या खालच्याला विकायची नाही आणि पिस्तूल 21 च्या खालच्याला नाही. आणि तिकडं सुद्धा दुकानदाराकडनं ऑनलाइन घेतलेली बंदूक कुरिअरवाला दारात आणून देत नाही, ती जवळच्या लायसन्सवाल्या डीलरकडं जाते, तिथं चौकशी होते, मगच हातात.

आपल्याकडं आधी लायसन्स, मग बंदूक. लायसन्स घेऊन परवानाधारक डीलरच्या दुकानात जायचं, तो लायसन्स बघणार, रजिस्टरला नोंद करणार. म्हणून दारात बंदूक आणून देतो म्हणणारा एकतर पैसे खाऊन नंबर बंद करणार नाहीतर खरंच बेकायदा माल देणार, आणि दुसरं झालं तर जास्त वाईट, कारण विनापरवाना बंदूक सापडली की 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 2 वर्षं, जास्तीत जास्त 5 वर्षं कैद आणि वर दंड.

आता अर्ज. हा मात्र ऑनलाइन आहे, केंद्राच्या शस्त्र परवान्यांच्या एनडीएएल-एलिस पोर्टलवर. फॉर्म ए-1 भरायचा, प्रिंट काढायची आणि कागदांसकट परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडं द्यायची, आपल्या ग्रामीण भागात म्हणजे डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस. पासपोर्ट साइझ फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, राहण्याचा पुरावा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, बंदूक घरात कशी सुरक्षित ठेवणार त्याचं हमीपत्र, आणि सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पण लागतं. पीक राखणीसाठी मागत असाल तर जमिनीचा उतारा जोडा, आणि आधारवरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव आधी शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीकडं मराठी नाव, दुसरीकडं कन्नडमधनं फिरून आलेलं स्पेलिंग, आडनावाचा 'कर' गायब, असं आपल्याकडं घरोघरी आहे आणि फाईल तिथंच अडकते. ते आधी दुरुस्त करून घ्या, खेपा वाचतील. अर्जानंतर पोलीस चौकशी होते, तिथला जबाब कन्नडात लिहिला जातो, वाचता येत नसेल तर वाचणारा सोबत न्या आणि समजल्याशिवाय सही करू नका.

पोलीस रिपोर्टला नियमात 30 दिवस आहेत, तो आल्यावर निर्णयाला 60 दिवस. नाकारलं तर अपील करता येतं, 30 दिवसांच्या आत. हाणामारीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर ते लपवू नका, चौकशीत निघतंच. आणि कोणीतरी सांगतं कर्नाटकातल्याच कोडगू जिल्ह्यात लायसन्स लागत नाही मग आपल्याला का, तर ती सूट तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा म्हणजे पिढीजात हक्काच्या जमीनवाल्यांना आहे, खानापूर किंवा चिक्कोडीला नाही.

घरात आजोबांची ठासणीची बंदूक असेल तर नीट वाचा. लायसन्सवाला वारला की ती बंदूक खुंटीला तशीच ठेवायची नाही, जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा डीलरकडं जमा करायची, पावती घ्यायची आणि वारसानं स्वतःच्या नावावर अर्ज करायचा, वारसालाही 21 ची अट आहेच. लायसन्सधारक 70 वर्षांचा झाला असेल किंवा 25 वर्षं बंदूक बाळगून असेल तर हयातीतच वारसाच्या नावावर करता येते, ते केलेलं बरं.

पीक राखणीचं लायसन्स म्हणजे शिकारीचं लायसन्स नाही. भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या गावांत गवा शेतात येतो, नुकसान खरं आहे, पण गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहे, गोळी घातली तर शेतकरीच आत जातो. नुकसानभरपाईचा अर्ज वनखात्याकडं वेगळा करायचा.

आणि आपल्या सीमेवरच्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, लायसन्सवर कुठल्या भागापुरतं चालेल ते लिहिलेलं असतं. नुसतं कर्नाटक असेल तर बंदूक घेऊन चंदगडला पाहुण्याच्या शेतावर जायचं नाही, कागलला नाही, गोव्यात नाही. आपल्याला ती नात्यागोत्याची गावं वाटतात, रस्ता पण एकच, पण कायद्यानं ते दुसरं राज्य आहे.

लायसन्स मिळालं की 5 वर्षं चालतं, एका माणसाला जास्तीत जास्त 2 बंदुका, आणि मुदत संपायच्या 60 दिवस आधी नूतनीकरणाला टाकायचं. निवडणूक लागली आणि बंदूक जमा करायला सांगितलं तर करा, पण पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथंच उभं राहून बघा आणि पावती लायसन्सच्या पुस्तकातच ठेवा, परत घेताना तीच मागतात.