समुद्रविज्ञानातली पीएचडी (दोना पावला, गोवा)

समुद्रविज्ञानात पीएचडी म्हटलं की लोकांना डायव्हिंग सूट आणि डॉल्फिन आठवतात. प्रत्यक्षात बहुतेक पोरांचा वेळ मायक्रोस्कोपखाली, टायट्रेशनमध्ये नाहीतर कॉम्प्युटरवर कोड लिहिण्यात जातो आणि जहाजावरचे दिवस त्यामानाने फारच थोडे. भारतात या कामाचं जुनं आणि मोठं ठिकाण म्हणजे गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, सगळे तिला एनआयओच म्हणतात. १९६५ पर्यंत चाललेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून ती उभी राहिली, स्थापना १ जानेवारी १९६६. मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमला तिची केंद्रं आहेत. झुआरीच्या पलीकडे वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं दुसरं राष्ट्रीय केंद्र आहे.

शिरायचा नेहमीचा रस्ता म्हणजे एमएस्सी करून सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय परीक्षा. विषय प्राणिशास्त्रच हवा असं अजिबात नाही, फिजिक्स आणि मॅथ्सवाले प्रवाह-लाटांकडे जातात, केमिस्ट्रीवाले पाण्याकडे, जिऑलॉजीवाले चिखलाकडे. जेआरएफ, म्हणजे सुरुवातीची फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरची फेलोशिप, झाली की ४२,००० आणि घरभाडं वेगळं. डिग्री एनआयओ स्वतः देत नाही, ती अॅकसिर, म्हणजे सीएसआयआरच्या संस्थांसाठीची अकादमी, किंवा एखाद्या विद्यापीठाकडून मिळते.

आता क्रूझ, म्हणजे जहाजावरची संशोधन फेरी. एनआयओचं आताचं मोठं जहाज 'सिंधु साधना', २०१४ पासूनचं. त्याआधीचं 'गवेषणी' हे मुळात गाळ वाहायचं जहाज होतं, ते बदलून संशोधनाला घेतलं आणि त्यानेच २६ जानेवारी १९८१ ला हिंदी महासागराच्या तळावरून बटाट्यासारखे दिसणारे मँगनीजचे गोळे वर आणले. चढल्यावर पहिले एक-दोन दिवस बऱ्याच जणांना बोट लागते आणि कामाची शिफ्ट काही त्यासाठी थांबत नाही. सीटीडी नावाचं पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, भोवती पाण्याच्या बाटल्यांचं कडं, विंचवरून खाली सोडतात. स्टेशन, म्हणजे मोजणीसाठी थांबायची जागा, खोल असेल तर खाली जाऊन वर यायला काही तास लागतात, मग ते रात्री दोनला वर आलं तरी सगळे डेकवर हजर. बाटलीतून पाणी काढायचा क्रम ठरलेला असतो, पहिला नंबर ऑक्सिजनवाल्याचा, कारण हवा लागली की आकडा बिघडतो, म्हणून तो बुडबुडा न येऊ देता पाणी भरतो आणि तिथेच रसायन घालून ऑक्सिजन पकडून ठेवतो. पोषकद्रव्यांवाला, क्लोरोफिलवाला वगैरे त्याच्यामागे रांगेत. एकाच बाटलीवर चार-पाच थिसिस टांगलेले असतात, त्यामुळे पाणी सांडणारा माणूस पूर्ण क्रूझभर लक्षात राहतो.

ऑक्सिजनचा एवढा सोस का, तर अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीत तो जवळपास नसतोच. पावसाळ्यात खालचं पाणी किनाऱ्याकडे वर चढतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्याच्या उथळ पाण्यातही तळाशी ऑक्सिजन संपतो. कांदोळीसमोर एकाच जागी १९९७ पासून पाणी मोजत आलेत, आज पीएचडीला लागणाऱ्या पोराला तो आयता वारसा मिळतो, एकट्याने पाच वर्षांत असं काही जमणं शक्य नाही.

चिखलवाल्यांचं तर याहून पुढचं. थिसिसचा कोर, म्हणजे तळातून नळीने काढलेला चिखलाचा उभा दंडगोल, अनेकदा आपण चढलोही नव्हतो अशा क्रूझमध्ये काढलेला असतो. तो सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच्या चकत्यांनी कापायचा, वाळवायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा आणि उरलेल्या वाळूतून ओल्या बारीक ब्रशने फोरामिनिफेरा, म्हणजे एकपेशीय जीवांची कवचं, एकेक करून वेचायची. तांदूळ निवडण्यासारखंच, फक्त महिनोन्‌महिने. ग्लोबिजेरिना बुलॉयडिस ही जात जास्त सापडली तर खालचं थंड पाणी जोरात वर येत होतं, म्हणजे नैर्ऋत्य मान्सून तगडा होता असा अंदाज बांधतात, आणि कवचातल्या ऑक्सिजनच्या आयसोटोपवरून (हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) तापमान-क्षारतेचा. एक चकती धुताना नळाखाली वाहून गेली तर काही शतकांचा पाऊस गेलाच म्हणायचा.

याहून खोल जायचं तर परदेशी ड्रिलिंग जहाज लागतं. २०१५ मध्ये 'जॉइडीस रिझोल्यूशन' हे जहाज कोलंबोहून निघून अरबी समुद्रातल्या लक्ष्मी बेसिनमध्ये गेलं, समुद्रतळाखाली हजार मीटरहून जास्त भोक पाडलं आणि मुंबईला येऊन थांबलं, मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक वास्कोच्या केंद्राचे धनंजय पांडे होते. हिंदी महासागरातल्या अशा मोहिमांचे कोर मात्र कोचीला ठेवतात, केरळातल्या नव्हे, जपानातल्या कोचीला. आपल्या दारातला चिखल हवा असेल तर तिकडे रीतसर अर्ज करायचा.